केट्रूडाचं परीक्षण : कॅन्सरच्या पेशीला हात न लावणारं कॅन्सरचं औषध

पसरलेल्या मेलानोमासाठी (त्वचेतल्या रंगपेशींच्या कॅन्सरसाठी) आज बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा जी दोन-तीन नावं निघतात त्यातलं एक म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजेच मर्क कंपनीचं केट्रूडा. भारतात ही कंपनी एमएसडी या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या एफडीएने ४ सप्टेंबर २०१४ रोजी या औषधाला पहिली मान्यता दिली ती मेलानोमासाठीच. फुप्फुस, मूत्राशय, गर्भाशयमुख हे सगळं नंतरचं. किंमत धडकी भरवणारी आहे. परिणाम काही रुग्णांत थक्क करणारा, काहींत शून्य, आणि दुष्परिणाम केमोथेरपीशी अजिबात न जुळणारे. असं का, याचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. हे औषध ज्या रिसेप्टरला (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं तो कॅन्सरच्या पेशीवर नसतो, रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशीवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवर असतो. हे नीट लक्षात घेतलं नाही तर डोस ठरवण्यापासून स्कॅन वाचण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर गफलत होते. नातेवाइकांकडून होते, तशीच कधीकधी वॉर्डातूनही होते.

पीडी-१ हा तो रिसेप्टर. क्योटो विद्यापीठातल्या तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ साली त्याचा शोध लावला. सीटीएलए-४ या दुसऱ्या रिसेप्टरवर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. पीडी-१चं मूळ काम टी-पेशीला आवरणं. मुलांची भांडणं फार ताणली गेली की घरातलं वडीलधारं माणूस 'पुरे आता' म्हणतं, तसं. मेलानोमाची पेशी याचाच फायदा उठवते. ती आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन उभं करते. ते पीडी-१ला भिडलं की टी-पेशीच्या आत एसएचपी-२ नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि हल्ल्याचा संदेश तिथेच विझतो. केट्रूडा पीडी-१वर आधीच जाऊन बसतं, म्हणून पीडी-एल१ला जागा उरत नाही. औषधाचं काम इथे संपलं. मारायचं काम टी-पेशीचं, आणि तेही गाठीत तिला परकं वाटेल असं काही असेल तरच.

रेणूची घडण चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. केट्रूडा ही एक अँटिबॉडी आहे, आणि अँटिबॉडीचे प्रकार असतात. आयजीजी-१ ज्या पेशीला चिकटतो तिला मारायला इतर पेशींना बोलावतो. इथे चिकटायचं आहे टी-पेशीला, म्हणजे ती मेली तर सगळाच खेळ खलास. म्हणून मुद्दाम आयजीजी-४ निवडला आहे, जो हे बोलावणं फारसं करत नाही. आयजीजी-४चा एक अवगुण असा की त्याचे दोन अर्धे सुटून दुसऱ्या अँटिबॉडीच्या अर्ध्यांशी जोडले जातात. त्यासाठी सांध्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं आहे. रक्तातलं अर्धायुष्य, म्हणजे औषध निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे २२ दिवस. तीन किंवा सहा आठवड्यांनी एकदा देऊन भागतं ते यामुळे.

आकडे काय सांगतात

कीनोट-००६ ही ८३४ रुग्णांची चाचणी. एका बाजूला पेम्ब्रोलिझुमॅब, दुसऱ्या बाजूला सीटीएलए-४ अडवणारं इपिलिमुमॅब. गाठी लक्षणीय आक्रसल्या ते अनुक्रमे साधारण ३३ आणि १२ टक्के रुग्णांत. दहा वर्षांनंतर हयात होते ३४ टक्के आणि जवळपास २४ टक्के. निम्मे रुग्ण जिथवर टिकले तो काळ ३२.७ महिने विरुद्ध १५.९. इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली मार्च २०११मध्ये. त्याआधी पसरलेल्या मेलानोमाचे बहुसंख्य रुग्ण वर्षभरही काढत नसत. त्या मानाने दहा वर्षांनी तिघांतला एक जिवंत असणं ही फार मोठी मजल आहे. पण हाच आकडा उलटा वाचला तर तिघांतले दोघे जिवंत नाहीत, आणि नेमका कोण टिकेल हे पहिल्या डोसाआधी ठामपणे सांगणारी तपासणी नाही. मेलानोमात पीडी-एल१ची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून औषध नाकारायचं नसतं. निगेटिव्ह रुग्णांतही गाठी आटतात. एलडीएच हे रक्तातलं एन्झाइम खूप वाढलेलं असेल, यकृतात किंवा मेंदूत गाठी असतील, तर अपेक्षा कमी ठेवाव्यात. एमआरआय काढल्याशिवाय मेंदू स्वच्छ आहे असं मानू नये.

निव्होलुमॅब हा सख्खा भाऊ. त्याचंही निशाण पीडी-१ आणि तोही आयजीजी-४. जुलै २०१४मध्ये जपानमध्ये त्याला मान्यता मिळाली, म्हणजे केट्रूडाच्या दोन महिने आधी. दोघांत निवड करायची तर भाव, वेळापत्रक आणि उपलब्धता पाहून करावी. परिणामात फरक आहे असं मानायला आधार नाही. खरा प्रश्न एक रिसेप्टर अडवायचा की दोन, हा. चेकमेट-०६७ या ९४५ रुग्णांच्या चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिल्यावर दहा वर्षांनी ४३ टक्के हयात होते, एकट्या निव्होलुमॅबवर ३७, एकट्या इपिलिमुमॅबवर १९. याची किंमत दुष्परिणामांत मोजावी लागते: जोडीवर गंभीर दुष्परिणाम ५९ टक्क्यांना, एकट्या निव्होलुमॅबवर चोवीस टक्क्यांच्या आत. मेंदूत गाठी असतील, एलडीएच चढलेलं असेल आणि रुग्ण तब्येतीने काटक असेल, तर जोडी घ्यावी. सत्तरी ओलांडलेल्या, रुग्णालयापासून चार तास लांब राहणाऱ्या माणसाला एकटं पीडी-१चं औषध बरं. मधला मार्ग म्हणून एलएजी-३ हा तिसरा रिसेप्टर अडवणारं रेलाटलिमॅब आहे, जे निव्होलुमॅबसोबत एकाच व्हायलमध्ये (इंजेक्शनच्या बाटलीत) येतं. गाठ पुन्हा न वाढता गेलेला काळ त्या जोडीवर १०.१ महिने होता, एकट्या निव्होलुमॅबवर ४.६, आणि दुष्परिणाम इपिलिमुमॅबच्या जोडीहून बरेच कमी.

बीआरएएफ जनुकात बिघाड असलेल्या रुग्णाला डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिबच्या गोळ्याही लागू पडतात आणि त्या झपाट्याने काम करतात. त्यामुळे आधी गोळ्या देऊन नंतर इंजेक्शनकडे वळायचा मोह होतो. ड्रीमसेक चाचणीने तो मोह मोडून काढला. आधी रिसेप्टर अडवणारी जोडी आणि मग गोळ्या, या क्रमाने दोन वर्षांनी ७२ टक्के हयात. उलट क्रमाने ५२. गाठींमुळे रुग्ण आठवड्याभरात कोसळेल अशी अवस्था असेल तर मात्र गोळ्या आधी.

आता आपल्याकडच्या रुग्णांबद्दल, कारण वरच्या आकड्यांत ते फारसे नाहीत. या चाचण्यांमधले बहुतेक रुग्ण गोऱ्या कातडीचे, उन्हाने झालेल्या मेलानोमाचे. उन्हातले अतिनील किरण पेशीच्या डीएनएत हजारो बिघाड करतात, आणि तेवढीच परकी प्रथिनं टी-पेशीला दिसतात. भारतात मेलानोमा एकंदरीत कमी, पण जो होतो त्यात तळपाय, तळहात, नखाखालची जागा यांचा वाटा मोठा. तळपायाला ऊन लागत नाही. तिथल्या गाठीत बिघाड कमी, म्हणून टी-पेशीला पकडायला खुणाही कमी, आणि पीडी-१च्या औषधांना प्रतिसाद तुलनेने कमकुवत. ३३ टक्क्यांचा आकडा तळपायाच्या रुग्णाला जसाच्या तसा सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल. अशा गाठीत केआयटी या रिसेप्टरची जनुकीय तपासणी जरूर करावी. केआयटी खुद्द कॅन्सरच्या पेशीवर असतो, आणि त्यात योग्य जागी बिघाड सापडला तर इमॅटिनिबच्या रोज ४०० मिलिग्रॅम गोळ्या काही रुग्णांत चांगल्या चालतात. त्यांचा परिणाम बहुधा महिन्यांत मोजावा लागतो, वर्षांत नाही. तरी हाताशी एक पर्याय असतो, आणि इमॅटिनिबच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. तळपायावरच्या काळ्या डागाला कुरूप किंवा भोवरी समजून महिनोन्महिने घासत बसलेले रुग्ण मुळातच उशिरा पोहोचतात, तो वेगळाच विषय.

व्हायल आणि सलाईनची पिशवी

व्हायल ४ मिलिलिटरची, तिच्यात १०० मिलिग्रॅम. द्रावण स्वच्छ किंवा किंचित दुधाळ झाक असलेलं, रंगहीन ते फिकट पिवळसर. २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायचं. गोठलेलं वापरायचं नाही. हलवायचंही नाही. ही सूचना नाजूकपणाचं कौतुक म्हणून दिलेली नाही: फेस झाला की प्रथिनाचे रेणू गोळा होतात, आणि असे गोळे शरीरात गेले की प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते. पिशवीत घातल्यावर ती दोन-तीनदा हळुवार उलटी करायची, तेवढं पुरे.

पातळ करायला ०.९ टक्के सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज चालतं. शेवटची तीव्रता दर मिलिलिटरला १ ते १० मिलिग्रॅम हवी. सर्वांत जास्त चूक इथे होते. २०० मिलिग्रॅम, म्हणजे ८ मिलिलिटर, १०० मिलिलिटरच्या पिशवीत घातले की साधारण १.८५ मिलिग्रॅम होतात, ठीक. हाताशी २५० मिलिलिटरची पिशवी आहे म्हणून तीच घेतली तर ०.७८वर येतं, म्हणजे मर्यादेखाली. ५००ची घेतली तर ०.४. नळीत ०.२ ते ५ मायक्रॉनचा, प्रथिन न शोषणारा फिल्टर लागतो. तो सेटसोबत येत नाही, वेगळा मागवावा लागतो, आणि ऐनवेळी सापडत नाही. डोस अर्ध्या तासात द्यायचा. त्याच नळीतून दुसरं काही सोडायचं नाही. पिशवी रिकामी दिसली की नळी काढू नये. नळीत १५-२० मिलिलिटर उरलेलं असतं, म्हणजे शंभराच्या पिशवीतला सहावा-सातवा भाग. तो सलाईनने पुढे ढकलावा. एवढ्या महाग औषधाचा पंधरा टक्के भाग कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाणं कोणालाच परवडणारं नाही. मिसळलेलं द्रावण खोलीच्या तापमानात सहा तास टिकतं, आणि त्या सहा तासांत देण्याचा वेळही धरायचा. फ्रिजमध्ये ९६ तास.

डोसाआधी स्टेरॉइड किंवा अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन सरसकट द्यायची गरज नाही. केमोच्या वर्षानुवर्षांच्या सवयीने डे-केअरमध्ये डेक्सामेथासोन आपोआप दिलं जातं. इथे ते उलटं पडतं, कारण ज्या टी-पेशींना मोकळं करायचं त्यांनाच ते गप्प करतं. उपचार सुरू करताना रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते आधी कमी करता येतं का ते पाहावं. सांधेदुखी-दम्यासाठी घेतलेल्या बेनामी पुड्यांबद्दलही खोदून विचारावं. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि रुग्ण त्याला 'जडीबुटी' म्हणून सांगतो, किंवा सांगतच नाही.

किती द्यायचं, किती खर्चायचं

छापील डोस २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, किंवा ४०० दर सहा आठवड्यांनी. वर्षाला तीन आठवड्यांच्या हिशेबाने सतरा-अठरा डोस, म्हणजे ३५च्या आसपास व्हायल. पण मेलानोमासाठी पहिली मान्यता मिळाली तेव्हाचा डोस वेगळा होता: किलोमागे २ मिलिग्रॅम. किलोमागे १० मिलिग्रॅम देऊनही त्याहून सरस निकाल आले नव्हते. याचा अर्थ रिसेप्टर भरून गेले की वरचं औषध नुसतं रक्तात फिरतं. ५० किलोच्या माणसाला २ मिलिग्रॅमने १०० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दोनऐवजी एक व्हायल, खर्च निम्मा. ५५ किलोला ११०. बरीच केंद्रं १० टक्क्यांच्या आतला फरक खाली उतरवून १००च देतात. ६० किलोला १२० लागतात, आणि इथे एकट्या रुग्णाचं काही वाचत नाही, कारण दुसरी व्हायल फोडावीच लागते. पण एकाच दिवशी ६० किलोचे पाच रुग्ण बोलावले तर दहाऐवजी सहा व्हायलमध्ये भागतं. औषधात जंतुरोधक घटक नसल्याने हे फक्त लॅमिनार फ्लोच्या (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या) कपाटात, प्रशिक्षित फार्मसिस्टच्या हातून, त्याच दिवशी. आमच्या मते भारतात वजनावरचा डोस हाच शहाणपणाचा. आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

याहूनही खाली जाता येईल का? मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये हे करून पाहिलं. गोळ्यांच्या उपचाराला तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली, जो नेहमीच्या डोसाचा दहावा भागही नाही, आणि एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३वर गेलं. तर्क तोच: किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपासूनच टी-पेशींवरचे बहुतेक रिसेप्टर व्यापले जातात, आणि निव्होलुमॅबच्या एका डोसानंतर ते दोन महिन्यांहून जास्त काळ व्यापलेले राहतात. हा पुरावा मेलानोमातला नाही, हे विसरू नये. परवडत असेल तर २ मिलिग्रॅमच्या खाली उतरू नये; काहीच परवडत नसेल तर काहीच न देण्यापेक्षा कमी डोस बरा, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही दोन्ही पसरलेल्या मेलानोमासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये केट्रूडावरचं मूळ आयातशुल्क माफ केलं. तरीही सामान्य घराच्या आवाक्यात ते आलेलं नाही. कंपनीच्या सहाय्य योजनेची चौकशी पहिल्या डोसाच्या आधी करावी. नंतर केली तर आधी घेतलेले डोस बहुधा हिशेबात धरत नाहीत.

स्वस्तात मिळतंय म्हणून बाहेरून व्हायल आणू नये. मार्च २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. रुग्णालयांतून केट्रूडा, ऑपडायटा (निव्होलुमॅब) अशा औषधांच्या रिकाम्या व्हायल जमवायच्या, त्यात बुरशीवरचं औषध भरायचं आणि पुन्हा विकायच्या, असा धंदा. म्हणून खोक्यावरचा आणि व्हायलवरचा बॅच नंबर जुळतो का पाहावा, झाकण आधी उघडलेलं नाही ना ते तपासावं, पक्कं बिल घ्यावं. आणि डोस झाल्यावर रिकाम्या व्हायलचं लेबल आपल्यासमोर मार्करने खोडायला लावावं. हे मागणं विचित्र वाटतं, पण चांगल्या डे-केअरमध्ये ते स्वतःहूनच करतात.

दुष्परिणाम

केमोमध्ये केस जातात, उलट्या होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि हे सगळं ठरलेल्या दिवसांत. इथे तसं काही नाही. पीडी-१ प्रत्येक टी-पेशीवर असू शकतो, तिचा रोख गाठीवर असो वा थायरॉइडवर. 'पुरे आता' म्हणणारंच कोणी उरलं नाही की हल्ला कुठल्याही अवयवावर होऊ शकतो, दुसऱ्या आठवड्यात किंवा औषध बंद होऊन अर्धं वर्ष झाल्यावरही.

सर्वांत नेहमीचा फटका थायरॉइडला, साधारण दहांतल्या एकाला. आधी काही आठवडे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खाली जातं, छातीत धडधड, वजन उतरणं. रुग्णाला वाटतं कॅन्सर वाढला. पुढे तीच ग्रंथी थकते आणि टीएसएच वर चढतं. थायरॉक्सिन सुरू करायचं, केट्रूडा थांबवायची गरज नाही. मात्र थायरॉक्सिनआधी सकाळचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) बघावंच. पिट्युटरी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीही बाधित असेल आणि हायड्रोकॉर्टिसोन न देता थायरॉक्सिन दिलं, तर रुग्ण रक्तदाब पडून कोसळू शकतो. 'फार थकवा येतो, उभं राहिलं की चक्कर' या तक्रारीवर व्हिटॅमिनची गोळी देऊन घरी पाठवणं ही दुसरी ठरलेली चूक. ग्रंथींचा बिघाड बहुधा कायमचा असतो, पण गोळीने निभावतो.

जुलाबांचा हिशेब नेहमीच्या सवयीपेक्षा किती वाढले असा करायचा. दिवसाला चारपेक्षा कमी वाढ असेल तर पाणी, मीठ-साखर आणि लक्ष. चार ते सहा वाढले तर औषध थांबवून, संसर्ग नाही हे तपासून, किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. सात किंवा जास्त, किंवा रक्त, तर दाखल करून एक ते दोन मिलिग्रॅम. घरीच लोपरामाइड घेत बसण्यात दिवस जातात आणि आतड्याला भोक पडेपर्यंत वेळ येऊ शकते. 'बाहेरचं खाल्लं असेल' हे वाक्य या उपचारात विसरायचं. स्टेरॉइड तीन दिवसांत काम करत नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब, हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध. यकृत सुजलं असेल तर ते टाळून मायकोफेनोलेट. स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, निदान महिनाभरात उतरवत न्यायचं. घाईने उतरवलं की दुखणं दुप्पट जोराने परततं, आणि मग पुन्हा वरून सुरुवात.

आपल्याकडे एक जास्तीचा पेच: क्षयरोग. स्टेरॉइड-इन्फ्लिक्सिमॅबने झोपलेला क्षय जागा होतो हे माहीतच आहे. पीडी-१ अडवल्यानेही क्षयाची दुखणी उफाळल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे सुरुवातीलाच छातीचा स्कॅन काळजीपूर्वक वाचावा, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासावेत. उपचारादरम्यान कोरडा खोकला आणि धाप लागली तर यादीत दोन गोष्टी एकत्र असतात, औषधाने आलेली फुप्फुसाची सूज आणि क्षय. पहिलीला स्टेरॉइड लागतं, दुसरीला ते घातक. स्कॅन आणि थुंकीच्या जीनएक्स्पर्ट तपासणीशिवाय यावर अंदाजाने औषध देणं धोक्याचं.

दुर्मीळ, पण चुकता कामा नये अशा दोन गोष्टी. एक, अचानक आलेला इन्सुलिनचा मधुमेह: कालपर्यंत साखर नॉर्मल, आज चारशेच्या वर, श्वास जोरात. स्टेरॉइडने तो परतत नाही, इन्सुलिन जन्मभर. दुसरी, हृदयाच्या स्नायूची सूज. पापणी खाली पडणं, मान जड होणं, स्नायू दुखणं आणि छातीत अस्वस्थता एकत्र दिसली तर ट्रोपोनिन आणि सीपीके (हृदय आणि स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि ईसीजी त्याच तासात. शंका पक्की झाली तर रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि केट्रूडा कायमची बंद.

एक दुष्परिणाम मात्र डॉक्टरांना आवडतो. अंगावर पांढरे कोडासारखे डाग उठले तर टी-पेशी रंगपेशींवर तुटून पडल्या आहेत, आणि मेलानोमा हाही रंगपेशींचाच कॅन्सर. असे डाग उठणाऱ्यांत प्रतिसाद चांगला दिसतो. आपल्या समाजात कोडाला चिकटलेला कलंक पाहता हे रुग्णाला आधीच समजावून सांगितलेलं बरं, नाहीतर औषध चांगलं चालत असतानाच तो ते सोडून देतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांना हे औषध देताना मूत्रपिंड नाकारलं जाण्याचा मोठा धोका असतो. तो निर्णय डायलिसिसची तयारी ठेवूनच घ्यावा. गर्भधारणा शेवटच्या डोसानंतर चार महिने टाळावी.

पहिला स्कॅन साधारण बाराव्या आठवड्यात. तेव्हा गाठ मोठी दिसली तर लगेच हार मानू नये, पण फार आशाही धरू नये. टी-पेशी आत घुसल्याने गाठ फुगलेली दिसणं मेलानोमात थोड्याच रुग्णांत घडतं. रुग्ण चालता-बोलता असेल, वेदना कमी असतील, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून ठरवावं. वजन घटतंय, एलडीएच चढतंय, तर ती खरीच वाढ.

शस्त्रक्रियेआधी दिलं तर

मेलानोमा लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल पण काढण्याजोगा असेल, तर पूर्वी आधी शस्त्रक्रिया आणि नंतर वर्षभर केट्रूडा असा क्रम होता. एस-१८०१ चाचणीत एकूण अठरा डोस तेच ठेवून त्यातले तीन शस्त्रक्रियेच्या आधी दिले. दोन वर्षांनी ज्यांच्यात काही बिघडलं नव्हतं ते ७२ टक्के, जुन्या क्रमाने ४९. औषध तेच आणि खर्चही तेवढाच. गाठ शरीरात असताना टी-पेशींना ओळखायला माल जास्त मिळतो, हे त्यामागचं स्पष्टीकरण. म्हणून ग्रंथी हाताला लागत असेल तर सर्जनकडे धावण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टला गाठा. या उत्पादनाचा आजचा सर्वांत चांगला वापर आमच्या मते हाच.

त्वचेचे बाकीचे कॅन्सर

स्क्वेमस पेशींच्या कॅन्सरमध्ये केट्रूडा चालतं, पण पहिली पसंती सेमिप्लिमॅबला द्यावी. रिसेप्टर तोच, दर तीन आठवड्यांनी ३५० मिलिग्रॅम, आणि पसरलेल्या आजारात जवळपास निम्म्यांना गुण. शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून दिलेल्या सेमिप्लिमॅबने दोन वर्षांनी ८७ टक्के आजारमुक्त राहिले, औषधाविना नुसत्या प्लासिबोवर ६४. पेम्ब्रोलिझुमॅबची तशीच चाचणी निष्फळ ठरून थांबवावी लागली. मर्केल पेशींच्या कॅन्सरमध्ये मात्र केट्रूडा उत्तम, ५६ टक्के प्रतिसाद.

बेसल पेशींच्या कॅन्सरची गोष्ट निराळी. तिथे रिसेप्टर खुद्द गाठीच्या पेशीवर असतो, स्मूदन्ड नावाचा. त्यावरच्या कॅप्सूल दोन: व्हिस्मोडेगिब रोज १५० मिलिग्रॅम, आणि सोनिडेगिब रोज २००, तेही जेवणाआधी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सोनिडेगिब २०१६मध्ये मुंबईच्या सन फार्माने नोव्हार्टिसकडून विकत घेतलं. वाढलेल्या, कापता न येणाऱ्या गाठीत व्हिस्मोडेगिबने ४३ टक्क्यांना गुण येतो. पण रुग्ण ते सोडतात ते गाठीमुळे नाही, तर रोजच्या हालांमुळे: ७० टक्क्यांहून अधिक जणांना स्नायूंत गोळे, दोन-तृतीयांशांचे केस गळतात, निम्म्याहून जास्तांची चव जाते. काही आठवडे चालू, काही आठवडे बंद असं ठरवून दिलेलं वेळापत्रक बऱ्याच जणांना सोसतं. व्हिस्मोडेगिब घेणाऱ्याने शेवटच्या कॅप्सूलनंतर २४ महिने रक्तदान करू नये, कारण गर्भाला ते गंभीर इजा करतं.

आणि केट्रूडा थांबवायचं कधी? पसरलेल्या मेलानोमात कीनोट-००६मध्ये दोन वर्षांनी औषध थांबवलं होतं. दोन वर्षं पूर्ण केलेल्या १०३ रुग्णांपैकी ७८ टक्क्यांत पुढची दोन वर्षं आजार वाढला नाही. गाठी पूर्ण गेल्या असतील तर त्याही आधी थांबण्यावर बोलता येतं, आणि भारतातल्या खर्चात ते बोलणं दर सहा महिन्यांनी व्हायला हवं. थांबल्यावर निदान वर्षभर रक्ततपासण्या सुरू ठेवाव्यात, आणि पाकिटात औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेलं कार्ड ठेवावं. गावातल्या डॉक्टरला आठ महिन्यांनी आलेल्या जुलाबांचा किंवा धापेचा संबंध या औषधाशी जोडता येईल तो त्या कार्डामुळेच.